आईची पासवर्डची वही : ठेवू द्यावी की बंद करावी?

निशिगंधा · १० जून, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण महिनाभर डोक्यात घोळतोय.

आई सांगलीला एकटी असते. वय ७१, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. बाबा गेल्या वर्षी गेले. घरातले सगळे पासवर्ड एका दोनशे पानी वहीत आहेत. वही मूळची बाबांची. डाव्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात खात्याचं नाव, उजवीकडे पासवर्ड. बदलला की जुन्यावर पट्टीनं एक रेघ आणि बाजूला तारीख. वीज, गॅस, पेन्शन, जीमेल, रेल्वेचं आरक्षण, सगळं आहे. वही कपाटात साड्यांच्या खाली असते.

भाऊ न्यू जर्सीला आयटीत आहे. मे महिन्यात आला आणि वही बघून हादरलाच. "आई, आधी ही फाडून टाक, मी तुला अ‍ॅप टाकून देतो." आईनं त्याच्या हातातून वही काढून घेतली आणि "यात तुझ्या बाबांचं अक्षर आहे" एवढंच म्हणाली. पुढे दोन दिवस दोघं जेमतेम बोलत होते.

मला दोघांचंही पटतंय. बाबा अचानक गेले तेव्हा कुठे काय आहे ते याच वहीमुळे कळलं. पोस्टातली एक ठेव तर आईलाही माहीत नव्हती. पण पासवर्ड बघितले तर सगळीकडे एकच, बाबांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. पुढे कधी माझं नाव, कधी भावाचं.

वही राहू द्यावी का? तुम्ही आणि तुमच्या घरातले वडीलधारे हे कसं सांभाळता?

रानपाखरू · १० जून, सकाळी ९:४०

राहू द्या. ती फक्त पासवर्डची वही नाहीये.

श्रीरंग · १० जून, सकाळी १०:३५

माझं कामच या क्षेत्रातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वहीची चोरी करायला कुणाला तरी सांगलीत येऊन, घरात शिरून, साड्या उचकाव्या लागतील. तुमच्या आईंच्या खात्यावर डोळा असलेला माणूस हजारो मैलांवर बसलेला असतो, त्याला वही दिसतच नाही. त्याला दिसतात फुटलेल्या, म्हणजे माहिती चोरीला गेलेल्या, साइटींच्या याद्या. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, तेही जसेच्या तसे साठवलेले. २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख गेले असं सुरुवातीला कळलं. चार वर्षांनी उघड झालं की आकडा ११ कोटींच्या वर होता. चोर अशा यादीतला ईमेल आणि पासवर्ड घेतात आणि तीच जोडी दुसऱ्या शेकडो साइटींवर लावून बघतात. हे यंत्रच करतं, रात्रभर. कुठल्या तरी पाककृतींच्या साइटवर स्कूटरचा नंबर टाकलेला असेल आणि जीमेललाही तोच असेल, तर साइट फुटली त्या दिवशी जीमेलही गेलं.

त्यामुळे तुमच्या घरी दोष वहीचा नाही, स्कूटरच्या नंबरचा आहे. वहीत वीस वेगवेगळे, लांबलचक पासवर्ड असतील, तर डोक्यात असलेल्या एकाच पासवर्डपेक्षा ती वही कितीतरी सुरक्षित.

आज एकच गोष्ट करायची असेल तर ईमेलचा पासवर्ड बदला. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली की बाकी सगळ्यांची चिठ्ठी ईमेलवरच येते. ईमेल म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. तो उघडा असेल तर आतल्या खोल्यांना कितीही कुलपं लावा, उपयोग नाही.

सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांची 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट २०१३ पासून फुकट चालू आहे. ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या फुटलेल्या यादीत आहे ते दिसतं. आईंचा टाकून बघा.

अश्विनी_नाशिक · १० जून, सकाळी ११:२०

श्रीरंग, आदर ठेवून असहमत. चोर हजारो मैलांवरच असतो असं नाही. आमच्याकडे आजीची अशीच वही होती आणि पैसे काढले ते घरातल्याच एकानं. मुलगा होता विशीतला, आजी त्याला जीव लावायची. सहा महिने थोडे थोडे पैसे जात होते. आजीला वाटायचं आपणच कुठे खर्च केले नि विसरलो. उघड झालं तेव्हा पैशांचं दुःख कमीच होतं. तिनं तक्रारही करू दिली नाही. त्यानंतर ती बँकेच्या कागदाला हात लावायची नाही.

एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात किती माणसं येतात जातात, मोजून बघा. वही ठेवायची तर अर्धीच ठेवा. आम्ही आता आईला 'शेपूट' शिकवलंय. वहीत पासवर्डचा मोठा भाग लिहायचा आणि शेवटी एक छोटा शब्द, जो कुठेच लिहायचा नाही. तो तिच्या डोक्यात आणि माझ्या डोक्यात. वही कुणाच्या हाती लागली तरी त्यानं काही उघडत नाही.

श्रीरंग · १० जून, सकाळी ११:४५

अश्विनी, मान्य. घरातला माणूस माझ्या हिशेबात नव्हता, तो असायला हवा होता. शेपटाची युक्ती उत्तम आहे, मीही लोकांना सांगेन. एक भर घालतो. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन शेपूट लावूनसुद्धा वहीत नको. तो चार-सहा आकड्यांचाच असतो, त्यात लपवायला जागा नसते.

देवगडकर · १० जून, दुपारी १:०५

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, तालुक्याच्या गावी. इथे वहीचाही प्रश्न येत नाही, कारण पासवर्ड मुलांकडे नसतातच.

अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तर आधीपासून ऑनलाइनच आहेत. मुलं आणि पालक झेरॉक्सच्या दुकानात जातात. दुकानदार भला माणूस असतो, पण रांग लागलेली असते. तो स्वतःच खातं उघडतो, घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, कधी मोबाइल नंबरही स्वतःचाच, आणि सगळ्या मुलांना एकच पासवर्ड. अर्जाच्या प्रिंटवर वरच्या कोपऱ्यात बॉलपेननं लिहून देतो. पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायचं म्हटलं की ओटीपी जातो दुकानदाराच्या फोनवर. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या बाबतीत दुकान बंद झालं होतं आणि तो नंबरही. शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता मिळवायला तिच्या वडिलांनी जिल्ह्याच्या गावी पाच खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून आता जूनमध्ये पहिल्या तासाला मी धडा घेत नाही. प्रत्येकाकडून स्वतःचा ईमेल उघडून घेतो, घरातल्या टिकाऊ नंबराला जोडतो आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावतो. हो, लिहायला लावतो. या मुलांच्या बाबतीत चोरीपेक्षा विसरण्याचं नुकसान फार मोठं आहे.

आणि कृपा करून दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलंत तर बाहेर पडताना लॉगआउट करा. आधारची पीडीएफ तिथे डाउनलोड होऊन तशीच पडून राहते. तिचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. ते फाइलमध्ये शिरण्यापूर्वीच सगळ्या गावाला ठाऊक असतं.

मीनल_के · १० जून, दुपारी १:३०

देवगडकर सर, तुमच्या पहिल्या तासाला सलाम. आमच्या संस्थेतही हे सुरू करायचं म्हणते.

चिंतामणी · १० जून, दुपारी २:१५

गावाला ठाऊक असण्यावरून आठवलं. 'तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?' हा सुरक्षा प्रश्न ज्यानं काढला, त्यानं आमच्याकडची लग्नपत्रिका पाहिली नसावी! आजोळचे सगळे मामा 'आपले विनीत'मध्ये ओळीनं उभे असतात. वडिलांचं नाव तर आपण स्वतःच्या नावातच घेऊन फिरतो. जन्मगाव, शाळा, पहिली गाडी, सगळं फेसबुकवर फोटोसकट.

मी या प्रश्नांना खरी उत्तरं देतच नाही. आईचं माहेरचं आडनाव म्हणून 'निळा तांब्या' असं काहीतरी देतो आणि ते लिहून ठेवतो. साइटला खरंखोटं कळत नाही, तिला फक्त तेच उत्तर पुन्हा हवं असतं.

माधवी_टोरांटो · १० जून, संध्याकाळी ६:५०

इथे सकाळ झाली, धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. परदेशात राहणाऱ्यांनी मोबाइल नंबराकडे नीट बघा.

मी २०१५ मध्ये इकडे आले. पुण्याचा नंबर तसाच ठेवला होता, पण करोनाच्या काळात रिचार्ज करायचं राहून गेलं आणि नंबर बंद पडला. भारतात बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, नंतर तो नव्या ग्राहकाला जातो. माझा गेला. कळलं कसं? जाऊबाईंनी जुन्या नंबरावर दिवाळीचा फराळाचा फोटो पाठवला आणि पलीकडून एका अनोळखी मुलाचं उत्तर आलं, "ताई, हा नंबर आता माझा आहे. तुमच्या बँकेचे मेसेज मला येतात." मुलगा सज्जन होता म्हणून मी वाचले. बँक, म्युच्युअल फंड, जीमेल, सगळ्यांना तो नंबर जोडलेला होता. त्यानं जीमेलवर 'पासवर्ड विसरलो' म्हटलं असतं तर?

सगळं सोडवायला पुण्याला यावं लागलं. आता नवा नंबर आईच्या फोनच्या दुसऱ्या सिममध्ये आहे आणि रिचार्जची तारीख मी कालनिर्णयवर लिहिते. जिथे जमेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरते. दर ३० सेकंदांना त्यात नवा सहा आकडी कोड येतो, त्याला सिमही लागत नाही आणि नेटवर्कही. आपल्या बँका मात्र अजून बहुतेक करून एसएमएसच पाठवतात, म्हणून नंबर जिवंत ठेवणं आलंच.

निशिगंधा, वहीत तुमच्या बाबांचा नंबर किती ठिकाणी जोडलेला आहे ते आधी बघा. तो बंद होऊ देऊ नका.

निशिगंधा · १० जून, संध्याकाळी ७:२०

माधवीताई, अंगावर काटा आला. बाबांचा फोन ड्रॉवरमध्ये बंद आहे. आईला आत्ताच फोन केला, उद्या रिचार्ज करतेय.

गोदाकाठ · १० जून, रात्री ८:४०

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर घडलेलं सांगतो. एका काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्यांना निरोप आला, "चुकून तुमच्याकडे एक सहा आकडी नंबर गेलाय, तेवढा पाठवा." काकूंचाच फोटो, काकूंचंच नाव. चौघींनी पाठवला. तो त्यांचा स्वतःचा व्हॉट्सअ‍ॅपचा कोड होता. अर्ध्या तासात चौघींची खाती गेली आणि त्यांच्या नावानं "दवाखान्यात आहे, वीस हजार पाठवा" असे निरोप सुटले. एका दादांनी पाठवलेसुद्धा.

दोन गोष्टी त्या रात्री शिकलो. घाबरून न जाता आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा सुरू करायचं, आलेला कोड टाकायचा, की चोर बाहेर फेकला जातो. पण त्यानं मधल्या वेळात दुहेरी पडताळणीचा पिन (कोडनंतर विचारला जाणारा वेगळा आकडा) लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावं लागतं. एका काकूंच्या बाबतीत हेच झालं. म्हणून तो पिन आपणच आधी लावून ठेवायचा. सेटिंग्जमध्ये जाऊन दोन मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर सगळ्यांचे फोन गोळा करून मी आणि आमच्या तबलजींनी तीस जणांना लावून दिला.

पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन. दादांनी तासाभरात केला, म्हणून काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली.

अश्विनी_नाशिक · १० जून, रात्री ९:०५

याच प्रकारात '*४०१*' पण लक्षात ठेवा. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, "हा नंबर डायल करा म्हणजे पार्सल मिळेल." त्यानं आपले कॉल दुसऱ्याकडे वळतात आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागानं असे कोड वापरून कॉल वळवण्याची सोय बंद करायला सांगितली, तरी कुणाच्या सांगण्यावरून काही डायल करू नका. शंका आली तर ##००२# लावा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

बाळू_सोलापूर · ११ जून, सकाळी ७:५५

आमच्या कार्यालयात दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. सगळ्यांचे पासवर्ड महिन्याच्या नावाचे आहेत. जून संपला की सप्टेंबर. यानं काय सुरक्षा वाढते, श्रीरंग सांगतील का?

श्रीरंग · ११ जून, सकाळी ९:१०

वाढत नाही. या नियमाचं मूळ अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की आपल्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनं नियम फिरवला: ठरावीक मुदतीनं सक्ती करू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा, आणि चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबी वाढवा. आपल्याकडे अनेक कार्यालयं अजून २००३ मध्येच आहेत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यामुळे लोकांना वाटतं की पासवर्ड म्हणजे छळ.

शब्दवेल्हाळ · ११ जून, सकाळी १०:२५

लांबीचा मुद्दा निघालाच आहे तर मराठीतली गंमत सांगते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यायचे आणि रोमन लिपीत सलग लिहायचे. 'उंबरा तिकीट मेथी वादळ'. उंबऱ्यावर तिकीट घेऊन बसलेली मेथीची जुडी आणि बाहेर वादळ, एकदा डोळ्यांसमोर आणलं की विसरणं कठीण.

ही पद्धत १९९५ पासून 'डाइसवेअर' नावानं चालत आली आहे. पाच फासे टाकायचे आणि येणाऱ्या आकड्याचा शब्द यादीतून घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, त्यामुळे चार शब्दांच्या सुमारे ३,६५६ लाख कोटी जोड्या होतात. पाचवा शब्द घेतला की त्याच्या ७,७७६ पट. अट एकच, शब्द आपण मनानं निवडायचे नाहीत. मनानं निवडले की देव, मुलं आणि गाव येणारच. अभंगाची ओळही नको, ती सगळ्यांना पाठ असते. मी शब्दकोश उघडते, डोळे मिटून बोट ठेवते. आईंना हा खेळ नक्की आवडेल, शिक्षिका आहेत ना!

प्रथमेश_आर · ११ जून, सकाळी ११:००

इतकी कसरत कशाला? पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद जपणारं अ‍ॅप, वापरा, एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवा, विषय संपला. तुमचा भाऊ बरोबर आहे.

चिंतामणी · ११ जून, सकाळी ११:२०

२०२२ मध्ये लास्टपास या अशाच मॅनेजरकडून ग्राहकांच्या पासवर्डांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या होत्या. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची मला तरी भीती वाटते.

श्रीरंग · ११ जून, सकाळी ११:५०

चिंतामणी, चोरीला गेल्या हे खरं, पण आतले पासवर्ड कुलूपबंद होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि वेगळा होता त्यांना धोका फार कमी, ज्यांचा कच्चा होता त्यांना मोठा. मी स्वतः मॅनेजरच वापरतो. एक मोठा फायदा कुणी लिहिला नाही: बँकेसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट आली तर मॅनेजर पासवर्ड भरतच नाही, कारण त्याला पत्ता वेगळा दिसतो. माणसाचा डोळा फसतो, त्याचा नाही. टोपलीची भीती वाटत असेल तर कीपास हा मॅनेजर बघा. फाइल आपल्याच संगणकावर राहते, फुकट आहे. फक्त तिची दुसरी प्रत कुठेतरी ठेवा.

पण प्रथमेश, ७१ वर्षांच्या एकट्या बाईला अ‍ॅप टाकून देऊन मुलगा विमानात बसला आणि आठ दिवसांनी ती मुख्य पासवर्ड विसरली, तर? जी सवय तिला एकटीला निभावता येईल तीच तिच्यासाठी चांगली.

प्रथमेश_आर · ११ जून, दुपारी १२:१५

हे पटलं. माझ्या आईच्या बाबतीत मी नेमकं तेच केलंय. आज रात्री तिला फोन करतो.

वकिलीण_बाई · ११ जून, दुपारी ४:३०

एक वेगळा मुद्दा, निशिगंधा. बाबांचे पासवर्ड वहीत आहेत म्हणून त्यांच्या खात्यातून नेटबँकिंगनं पैसे वळवू नका. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं व्यवहार करणं चूक आहे, भले पैसे आईंचेच असोत. मृत्यूचा दाखला घेऊन नॉमिनी म्हणून रीतसर दावा करा. वहीचा खरा उपयोग खाती कुठे आहेत हे कळण्यापुरता. अनेक घरांत तेवढंही कळत नाही आणि ठेवी तशाच पडून राहतात.

ईमेलसाठी गूगलमध्ये सोय आहे. आपण ठरवलेल्या मुदतीत, ३ ते १८ महिन्यांपर्यंत, खातं वापरलं गेलं नाही तर आपण निवडलेल्या माणसाला कळवलं जातं आणि हवा तो डेटा मिळतो. जिवंतपणी लावून ठेवायची गोष्ट आहे. फोटोंसाठी तरी लावा. गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती बंद करू शकतं, त्यामुळे बाबांच्या जीमेलमधले फोटो आधी उतरवून घ्या.

निशिगंधा · १६ जून, रात्री १०:१०

मंडळी, शनिवार-रविवार सांगलीला जाऊन आले. तुमच्या प्रतिसादांची प्रिंट काढून नेली होती. आईनं ती चष्मा लावून, पेन्सिलीनं खुणा करत वाचली. अश्विनीताईंच्या आजीच्या प्रतिसादापाशी बराच वेळ थांबली.

ईमेलपासून सुरुवात केली. मोल्सवर्थचा जाडजूड कोश घरात होता, आई डोळे मिटून बोट ठेवत होती. एक शब्द असा निघाला की दोघी पोट धरून हसलो, तो अर्थात इथे सांगत नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत सतरा खात्यांचे पासवर्ड बदलले. शेपूट आईनं एकटीनं ठरवलं आणि माझ्या कानात सांगितलं. भावाला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं, त्यानं जीमेलची दुहेरी पडताळणी लावून दिली. बाबांच्या नंबराचं रिचार्ज झालं, आणि जिथे तो जोडला होता तिथे एकेक करून आईचा नंबर घालतोय. बँकेचे दावे पुढच्या आठवड्यात.

नवी वही आणली, शंभर पानी. आईच्या सुवाच्य अक्षरात.

जुन्या वहीतला एकही पासवर्ड आता कुठलंच दार उघडत नाही. आईनं शेवटच्या पानापर्यंत पट्टी धरून, बाबा मारायचे तशीच एकेक रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली. ती वही आता साड्यांच्या खाली नाही. बाहेर, त्यांच्या फोटोखालच्या फळीवर असते.

अश्विनी_नाशिक · १६ जून, रात्री १०:३०

डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

श्रीरंग · १६ जून, रात्री १०:४५

फार छान केलंत. एकच विचारतो, जीमेलचे ते आठ आकडी दहा बॅकअप कोड उतरवून घेतलेत ना? फोन हरवला तर तेच लागतात.

निशिगंधा · १६ जून, रात्री १०:५२

घेतले. एक कागद आईच्या बँकेच्या लॉकरमध्ये, एक माझ्याकडे.